बिनवासाचं लोशन

माझी विहीण बाळाच्या अंगाला लावायचं मलम स्वयंपाकघरात बनवते. ज्या पातेल्यात सकाळी दूध तापतं, त्याच पातेल्यात दुपारी मेण वितळतं. मग त्यात बदामाचं तेल, मग फुलांचं पाणी, आणि मग बाई ते सगळं लाकडी चमच्याने एकाच दिशेने घोटत बसतात. दिशा बदलली की म्हणे मलम रुसतं. मग ते काचेच्या बरण्यांत भरायचं, बरणीच्या गळ्याला दोरा बांधायचा आणि दोऱ्यात एक वाळकं फूल खोचायचं. ते फूल बघितलं की माझं डोकं उठायचं.

बाईंनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात, झाडं लावतात. यांनी त्वचाशास्त्र हातात घेतलं. फोनवर त्यांचा एक ग्रुप आहे, तिथे नवख्या आया आपल्या पोरांच्या पाठीचे फोटो टाकतात आणि या बाई उत्तरं देतात. 'काळजी करू नकोस गं, निसर्गावर सोड.' वर हिरव्या पानाचं चित्र.

मी मात्र हेच काम पोटापाण्यासाठी केलं. लोशनं आणि क्रीम बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत मी लागले तेव्हा केस काळे होते, आणि प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून बाहेर पडले तेव्हा मोजकेच काळे उरले होते. मधल्या काळात मी हरतऱ्हेचा मूर्खपणा बाटलीत भरून दिला. सोन्याचा वर्ख घातलेलं क्रीम मी केलं. मोत्याचं केलं. ते लावणाऱ्यांची मला कधी दया आली नाही, मोठी माणसं आहेत, फसायची हौस असेल तर फसू देत. पण एक गोष्ट मी मनापासून केली, ती म्हणजे बाळांचं लोशन. पाणी धरून ठेवायला ग्लिसरीन, ते पाणी उडून जाऊ नये म्हणून वरून पेट्रोलियम जेली, तेल आणि पाणी एकत्र नांदावं म्हणून मेणासारखा एक पदार्थ, आणि बाटलीत जंतूंनी संसार थाटू नये म्हणून थोडंसं प्रिझर्व्हेटिव्ह. संपलं. रंग नाही, वास नाही. बाळाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते, जे लावाल ते आत शिरायला बघतं. आणि मुळात बाळाला वास हवाय कशाला? त्याला काय कुणावर छाप पाडायचीय?

निवृत्तीच्या वेळी कंपनीच्या जाहिरात खात्याचा प्रमुख माझ्याकडे आला. आम्ही प्रयोगशाळेतली माणसं त्याला गुळगुळीत म्हणायचो. त्याचं सगळंच गुळगुळीत होतं, गाल, बोलणं, बुटांची टोकं. शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडताना कुठेही अडकायचा नाही, कारण आत अडकण्यासारखं काही नव्हतं.

"मॅडम, तुमचा चेहरा हवाय," तो म्हणाला. "बाटलीवर. शास्त्रज्ञ आजी. आयांना विश्वास वाटेल."

मी त्याला ओळखून होते, तरी हो म्हटलं. पांढरा कोट घालून, चष्मा जरासा नाकावर ओढून फोटो काढला. चष्मा छान आला होता. तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी लोशनचा एक खोका घरी येऊ लागला, आणि बाथरूमच्या फळीवरून मी स्वतःकडे रोखून बघू लागले.

नात झाली तेव्हा हा खोका आणि ती फूलवाली बरणी अशा दोन फौजा आमच्या घरात समोरासमोर उभ्या राहिल्या. माझा मुलगा नातीला गठुडं म्हणतो, कारण गुंडाळून ठेवलं की ती तशीच दिसते. गठुड्याला दोन आज्या, आणि दोघींना तिच्या कातडीत भारी रस.

"त्यात केमिकल नाही हो काही," विहीणबाई पहिल्याच दिवशी बरणी पुढे करून म्हणाल्या.

"पाणीसुद्धा केमिकलच असतं," मी म्हटलं.

"ते तुमच्या कंपनीतलं असेल. माझा साधा नियम आहे, जे खाता येत नाही ते बाळाच्या अंगाला लावायचं नाही."

"मिरची खाता येते. लावा."

माझा मुलगा खिडकीबाहेर बघू लागला. तो लहानपणापासून असंच करतो, घरात काही पेटलं की त्याला अचानक बाहेरची झाडं आवडू लागतात. सून हसली, दोघींच्या हातातलं घेतलं आणि आत गेली. आता कळतं की तिनं त्या दिवशीच तोडगा काढला होता. सकाळी आंघोळीनंतर सासूचं लोशन, संध्याकाळी आईचं मलम. दोघी खूश, घर शांत. बाळाला कुणी विचारलं नाही.

चौथ्या महिन्यात गठुड्याचे गाल लाल झाले. मग कोपराच्या आतल्या घडीत खरबरीत चट्टे, मग गुडघ्यामागे. ती मान इकडून तिकडे गादीवर घासायची, आणि खाज आली की हातांच्या मुठी करून स्वतःच्याच तोंडावर फिरवायची. तिला जवळ घेतलं की एक गोडसर, फुलांचा वास यायचा. तो वास नाकात शिरला की माझ्या डोळ्यांपुढे विहीणबाईंचं पातेलं यायचं.

"हे त्या फुलांच्या पाण्यानं झालंय," मी सुनेला म्हटलं. "वासाच्या गोष्टी बाळाला सोसत नाहीत. आणि त्या पाण्यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही. पाणी आहे म्हणजे जंतू आलेच."

"अहो आई, मम्मी सगळं उकळून घेते."

"आणि मग बोट घालून काढते."

नुसतं बोलणं मला पुरेसं वाटलं नाही. मी अर्धी वापरलेली एक बरणी पिशवीत घातली आणि माझ्या जुन्या प्रयोगशाळेत नेली. तिथे आता माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी प्रमुख आहे. तिनं मलमाचा नमुना घेतला, काचेच्या चपट्या तबकड्यांवर पसरला आणि उबदार कपाटात ठेवला. काही दिवसांनी तिनं मला फोटो पाठवला. तबकड्यांवर पिवळट, करडे, केसाळ ठिपके दाटीवाटीनं उगवले होते. निसर्ग अगदी जोमात होता.

पुढच्या वेळी विहीणबाई आल्या तेव्हा मी फोटो मोठा करून फोन त्यांच्यापुढे धरला. चहाचा कप अजून त्यांच्या हातातच होता.

"हे काय आहे?"

"तुमचं मलम. तुम्ही यात बाळ वाढवत नव्हता, बाग वाढवत होता."

बाईंनी फोटो नीट बघितला. कप ठेवला. उठल्या, बाथरूममध्ये गेल्या, फळीवरची बरणी उचलली, खिडकीतली दुसरी उचलली आणि दोन्ही पर्समध्ये घातल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

त्या गेल्यावर सून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, एक विचारू? तुम्हाला बाळाचं बरं व्हायला हवंय की मम्मीचं वाईट?"

"दोन्ही एकदम होत असेल तर बिघडलं कुठे?" मी म्हटलं. ती आत गेली आणि तिनं दार लावलं. आपटलं नाही, नीट लावलं. आपटलं असतं तर मला कमी लागलं असतं.

आता मैदान माझंच होतं. मलम बंद झालं, आणि कातडी कोरडी राहू नये म्हणून लोशन सकाळ-संध्याकाळ लावा असं मीच सांगितलं. आठवड्याभरात गाल निवळतील असंही सांगून टाकलं. गाल निवळले नाहीत. कोपरातले चट्टे फुटून ओलसर झाले. आणि तिला उचलून घेतलं की तोच गोडसर वास.

मला कळायला वेळ लागला नाही, म्हणजे मला तसं वाटलं. बाई चोरून मलम लावत होत्या! सून कामाला जाऊ लागली होती, दुपारी मी आडवी झाले की दोन-तीन तास त्या बाळाजवळ असायच्या. मी थेट फोन लावला.

"तुम्ही अजून ते लावताय."

"काय लावतेय?"

"तुमचं फुलांचं. बाळाच्या अंगाला वास येतोय. मला नाक आहे."

त्या म्हणाल्या, "मी आयुष्यभर पोरांना इतिहास शिकवला. खोटं बोलण्याची आवड असती तर तुमच्या कंपनीत नोकरी धरली असती." आणि फोन ठेवला.

शेवटी सुनेनं आम्हा दोघींना न विचारता त्वचेच्या डॉक्टरणीची वेळ घेतली. आम्हा दोघींना गाडीत मागच्या सीटवर बसवलं, मध्ये बाळाची खुर्ची. गठुडं डावीकडे बघून हसायचं आणि उजवीकडे बघून हसायचं. आम्ही दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होतो.

डॉक्टरीण तरुण होती. इतकी तरुण की मी मनातल्या मनात तिचं शिक्षण तपासून घेतलं. तिच्या खोलीत चित्रं नव्हती, खेळणी नव्हती, एक दिवा, एक तपासायचा पलंग आणि हात धुवायचं बेसिन. तिनं हात धुतले, चट्टे बघितले, बोटानं हलकेच दाबून बघितले.

"काय काय लावता? सगळं आणायला सांगितलं होतं."

सुनेनं पिशवीतून बरणी काढली, कुठून मिळवली कोण जाणे, आणि लोशनची बाटली काढली. डॉक्टरणीनं आधी बरणी उघडून हुंगली. "याला मेणाचा वास आहे. यात काय आहे?"

"मेण, बदामाचं तेल, फुलांचं पाणी," विहीणबाई ताठ बसून म्हणाल्या. "पण फुलांचा वास टिकत नाही, उकळताना उडून जातो. मी यांना सांगत होते."

"प्रिझर्व्हेटिव्ह?"

"मुळीच नाही."

"मग हे फेकून द्या. आणि बदामाचं तेल फुटलेल्या कातडीवर कशाला? बाळानं अजून बदाम खाल्लासुद्धा नाही. आधी कातडीतून ओळख झाली तर पुढे खाताना ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते."

मी खुर्चीत जराशी सैल झाले. या मुलीचं शिक्षण बरं झालेलं दिसत होतं.

मग तिनं माझी बाटली उघडली, तळहातावर एक थेंब घेतला आणि नाकाशी नेला. "लव्हेंडर," ती म्हणाली.

"शक्य नाही," मी म्हटलं. "ते बिनवासाचं आहे. त्यात एक थेंबही वास नाही."

"घ्या. तुम्हीच बघा."

मी बाटली घेतली. ज्या बाटलीतल्या प्रत्येक थेंबाचा हिशोब मला झोपेत पाठ होता, ती मी उघडून कधी नाकाशी धरली नव्हती. आपल्याच पोराच्या तोंडाचा वास कोण घेत बसतं? मी हुंगलं. गोडसर, फुलांचा. तोच.

मी मागची बारीक अक्षरं वाचली. माझं सगळं होतं तिथे, ओळीनं. आणि शेवटी, माझ्या यादीत कधीच नसलेलं, लव्हेंडरचं तेल. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'कृत्रिम सुगंध नाही.' माझ्या वेळी तिथे फक्त 'सुगंध नाही' असं होतं. मध्ये एक शब्द हळूच येऊन बसला होता, आणि त्याच्या शेजारी मी, चष्मा नाकावर ओढून.

डॉक्टरणीनं बाटलीवरच्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "या तुम्हीच का?"

विहीणबाई हसल्या. आवाज न करता, खांदे हलवत, पर्स छातीशी धरून. असं हसणं मी कुणालाही माफ करत नाही.

"हे तेल बऱ्याच मुलांना काही करत नाही," डॉक्टरीण सांगू लागली. "पण तुमच्या बाळाची कातडी मुळातच नाजूक आहे, एक्झिमा आहे. तिला वासाचं काहीही नको, मग तो कारखान्यातला असो की बागेतला. दोन्ही बंद. या चट्ट्यांवर थोडे दिवस हे सौम्य औषध, आणि बाकी अंगाला साधी पेट्रोलियम जेली. आंघोळीनंतर कातडी ओली असतानाच."

"एवढंच?" मी आणि विहीणबाई एकदमच म्हणालो. आम्ही एकमेकींकडे बघितलं. आमचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं होतं.

"एवढंच," डॉक्टरीण म्हणाली आणि पुन्हा हात धुवायला उठली.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत गेले. विहीणबाई माझ्यासोबत आल्या. मी बोलावलं नव्हतं. "मी बाहेर बसते," असं म्हणाल्या आणि माझ्या मागोमाग आत शिरून खुर्ची ओढून बसल्या.

गुळगुळीतची खोली आता चारी बाजूंनी काचेची झाली होती. कोपऱ्यात एक पांढरं यंत्र वाफ सोडत होतं आणि सगळ्या खोलीला तोच वास होता. मी बाटली त्याच्या टेबलावर ठेवली, माझं तोंड त्याच्याकडे करून.

"यात लव्हेंडर कुणी घातलं?"

"मॅडम! किती दिवसांनी! चहा?"

"कुणी घातलं?"

त्यानं दोन्ही हात उघडून दाखवले, जणू हातात लव्हेंडर नाही हे मी तपासून घ्यावं. "मॅडम, बिनवासाचं उठत नव्हतं. आम्ही दुकानात उभं राहून बघितलं. आई येते, झाकण उघडते, हुंगते आणि परत ठेवते. वास नाही म्हणजे आत काही नाही असं वाटतं तिला. आता बघा, सगळ्या म्हणतात, बाळाला कसा बाळाचा वास येतो."

"बाळाला बाळाचा वास लोशनमधून येत नाही. आणि पुढे लिहिलंय सुगंध नाही म्हणून."

"कृत्रिम सुगंध नाही," त्यानं प्रेमानं दुरुस्ती केली. "हे नैसर्गिक आहे. मर्यादेत आहे. नियमात आहे. वकिलांनी बघितलंय. निसर्गाला कोण नावं ठेवणार?"

इथे विहीणबाईंनी पर्स टेबलावर आदळली. "नैसर्गिक म्हणे! अहो, माझ्या नातीच्या कोपरातून पाणी येतंय!"

"या कोण?"

"विहीण," मी म्हटलं. "यांचाही धंदा निसर्गाचाच आहे. तुमच्यापेक्षा प्रामाणिक. यांच्या बरणीत जंतू होते, पण बरणीवर तसं काही नाही असं लिहिलेलं नव्हतं."

बाईंनी माझ्याकडे तिरकं बघितलं. हे कौतुक आहे की चिमटा, ते त्यांना ठरवता येईना. मलाही आलं नसतं.

"माझा फोटो काढा," मी गुळगुळीतला म्हटलं. "किंवा वास काढा. दोन्हींपैकी एक."

"फोटोचा करार आहे ना मॅडम," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरच खेद होता, असा खेद ज्याची तो आरशासमोर रोज तालीम करत असेल. "आणि तुमची ही बाटली किती चालतेय! आजी आवडते लोकांना. तुमच्या नातीचं ऐकून वाईट वाटलं. लाखात एखादं बाळ असतं असं."

आकडा त्यानं जागच्या जागी बनवला होता. प्रयोगशाळेत उभी हयात घालवली की बनवलेला आकडा कानाला कळतो, खोट्या नाण्यासारखा बद्द वाजतो. मी उठले. विहीणबाई उठताना त्या वाफेच्या यंत्राजवळ थांबल्या, वाकल्या, भिंतीतली वायर उपटली आणि बाहेर पडल्या.

लिफ्टमध्ये त्या म्हणाल्या, "तुमच्या फोटोचं काय करायचं?"

"काय करणार?"

"दुकानात जाऊ," बाई म्हणाल्या. "चाळीस पोरांचा वर्ग मी आवाज न चढवता गप्प करायचे. चार आया ऐकत नाहीत का बघू."

आमच्या घराजवळच्या मोठ्या दुकानात बाळांच्या वस्तूंची एक पूर्ण रांग आहे. तिथे माझं तोंड खालपासून वरपर्यंत मांडलेलं असतं. मी तिथे उभी राहिले, आणि विहीणबाई माझ्या शेजारी, एक बाटली माझ्या गालाला लावून. सांगायलाही लाज वाटते, पण असंच झालं.

"हा फोटो बघा, ही बाई बघा," त्या येणाऱ्या प्रत्येक आईला म्हणत. "तीच आहे ना? हिनंच हे बनवलं होतं, बिनवासाचं. आता उघडून हुंगा. येतोय वास? तो नंतर घातलाय. हिला न सांगता. तुमच्या बाळाला चट्टे असतील तर घेऊ नका, साधी जेली घ्या, ती बघा, खालच्या फळीवर कोपऱ्यात."

पहिल्या आईनं उघडलं, हुंगलं आणि डोळे मिटले. "किती गोड वास आहे हो!" म्हणाली, आणि बाटली ढकलगाडीत टाकून गेली. दुसरीनं विचारलं, "यावर काही सूट आहे का?" तिसरीनं माझ्यासोबत फोटो काढून घेतला. एका बापानं विहीणबाईंना कंपनीची विक्रेती समजून दुधाच्या बाटल्या कुठे आहेत ते विचारलं. मी आयुष्यभर ज्या गिऱ्हाइकासाठी डोकं फोडलं ते पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते, आणि गुळगुळीतला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. हे त्या दिवसातलं सगळ्यात कडू.

मग एक बाई थांबली. तिनं कडेवरच्या मुलाची बाही वर केली. कोपराच्या घडीत तेच, लाल, खरबरीत.

"मी हेच लावते," ती म्हणाली. "कमी होईना म्हणून जास्त लावते."

विहीणबाईंनी माझ्या गालाची बाटली खाली घेतली. मग मीच बोलले. डॉक्टरणीनं सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं, कातडी ओली असताना, वासाचं काही नको, बरं नाही वाटलं तर डॉक्टरकडे जा. खाली वाकून कोपऱ्यातली जेलीची डबी मी स्वतः काढून दिली. कंबर धरली माझी. तिनं डबी उलटीपालटी करून बघितली, तिच्यावर कुणाचाच फोटो नव्हता, आणि घेतली.

तेवढ्यात दुकानाचा मॅनेजर आणि एक रखवालदार आले. मॅनेजर म्हणाला, "आज्यांनो, माल उघडून ठेवता येत नाही." विहीणबाईंनी त्याच्याकडे नियम मागितला, नियम कुठे लिहिलाय ते दाखवायला लावलं, आणि तो शोधत असेपर्यंत आणखी दोन आयांना गाठलं. आम्ही तिथे पुढेही जात राहिलो, कधी त्या दुकानात, कधी दुसऱ्या. आम्हाला बाहेर काढायचे, आम्ही निघायचो. मग एके दिवशी गुळगुळीतचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या इच्छेचा मान राखून आम्ही फोटो काढतोय," तो म्हणाला. "करार रद्द. नवी बाटली येतेय."

ती आली तेव्हा मी बघायला गेले. माझ्या जागी एक तरुण आई होती, दात पांढरे, केस सुटे. 'कृत्रिम सुगंध नाही' ही ओळ गेली होती. तिच्या जागी फुलांच्या चित्रात लिहिलं होतं, 'निसर्गाच्या सुगंधासह.' फळी अर्धी रिकामी झाली होती. दुकानातली मुलगी म्हणाली, पहिल्यापेक्षा भराभर जातंय.

"आपण जिंकलो की हरलो?" विहीणबाईंनी विचारलं.

"वास आहे असं आता ते स्वतःच लिहितात," मी म्हटलं. "ज्याला वाचायचंय त्याला कळेल."

"वाचतं कोण?" त्या म्हणाल्या.

गठुड्याचे गाल आता निवळलेत. कोपरात कधीमधी लाली येते, कातडीचा स्वभावच तसा आहे असं डॉक्टरीण म्हणते. विहीणबाई मलम अजून करतात, फक्त आता त्यात पाणी घालत नाहीत, आणि बरणीवर 'बाळांसाठी नाही' असं लिहितात. मी त्यांना ते लिहायला लावलं, आणि त्यांनी ते इतक्या बारीक अक्षरांत लिहिलंय की वाचायला माझा चष्मा लागतो. यावरून आमचं रोज वाजतं.

सुनेनं मात्र घरात नवा कायदा केलाय. आंघोळीनंतर बाळाला जे लावायचं ते ती लावणार, ती नसेल तर माझा मुलगा. आज्यांनी हात लावायचा नाही. हात धुतले असले तरी नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, मी यात आयुष्य घालवलंय." ती म्हणाली, "माहितीये, आई. म्हणूनच." आणि दार लावून घेतलं.

म्हणून बाळाच्या आंघोळीच्या वेळी आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत बसतो. आत पाण्याचा आवाज येतो, मग माझ्या मुलाचं काहीतरी वेड्यासारखं गाणं, मग गठुड्याचं खिदळणं, तिला पोटाला हात लावलेला सहन होत नाही. आम्ही चहा पितो आणि त्या डॉक्टरणीला नावं ठेवतो. काय ती खोली, एक चित्र नाही. आणि बोलते कशी, आपण पहिलीतली पोरं असल्यासारखं. विहीणबाई म्हणतात, हिला इतिहास कुणी शिकवला असेल? मी म्हणते, रसायनशास्त्र तरी बरं शिकवलंय. त्यांना ते आवडत नाही.